उजव्या कोपऱ्यातले तीन चौकोन

कोणत्याही यंत्राचं ड्रॉइंग उघडलं की खाली उजव्या कोपऱ्यात एक तक्ता असतो. टायटल ब्लॉक. कंपनीचं नाव, स्केल, रिव्हिजन नंबर आणि त्यांच्या शेजारी तीन बारके चौकोन: तयार केलं, तपासलं, मंजूर केलं. प्रत्येकात एक सही आणि एक तारीख.

मला इंजिनिअर होऊन चोवीस वर्षं झाली. हिशेब करायला बसलो तर माझी सगळी नोकरी या तीन चौकोनांत मावते. सात वर्षं पहिल्यात, नऊ दुसऱ्यात, उरलेली तिसऱ्यात. पगार बदलला, पद बदललं, बसायची जागा खिडकीपाशी आली. कागदावर मात्र माझी सही जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर सरकली.

मध्यंतरी एका नव्या मुलाने विचारलं, "सर, पुढे जायचं तर काय शिकू? कोणता कोर्स करू?" प्रश्न सरळ होता. मी दोन-तीन नावं सांगितली, त्याने ती लिहून घेतली. नंतर दिवसभर मला चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं. मी स्वतः जे शिकलो त्यात कोर्समधून आलेलं फार थोडं आहे. बाकीचं सगळं सही करून झाल्यावर शिकलो. कधी महिन्याने, कधी वर्षाने, आणि जवळजवळ दर वेळी थोडा अपमान होऊन.

पहिल्या चौकोनातलं तिसरं वर्ष होतं. जमिनीखालच्या टाकीतून पाणी ओढून पुढे ढकलणारा एक साधा सेंट्रिफ्यूगल पंप, आणि त्याच्या पाइपिंगचं ड्रॉइंग माझं. पंपाचं तोंड सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या, पाइपापेक्षा लहान असतं, म्हणून मध्ये रिड्यूसर, म्हणजे निमुळता जोड, लागतो. मी एक्सेन्ट्रिक रिड्यूसर दाखवला होता, म्हणजे एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने उतरता. पुस्तकात तसंच सांगितलेलं होतं. सपाट अंग वर की खाली, हे मी लिहिलं नव्हतं. वरून पाहिलेल्या प्लॅनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात आणि कागदावर जागा उरली नाही म्हणून मी बाजूचा व्ह्यू काढायचा कंटाळा केला होता.

साइटवर तो सपाट अंग खाली ठेवून बसला. पंप दहा-पंधरा मिनिटं बरा चालायचा, मग दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा थरथरायला लागायचा, पाणी कमी यायचं आणि आत कुणी खडी ओतत असल्यासारखा आवाज सुरू व्हायचा. मला फोन आला. मी टेबलाशी बसून सक्शनचा हिशेब पुन्हा काढला: पाण्याची पातळी, पाइपातलं घर्षण, बाष्पदाब, पंपाला तोंडाशी किती दाब लागतो आणि आपण किती देतोय. बरोबर होता. परत काढला, तरी बरोबर. हिशेब बरोबर असूनही पंप ओरडतोय, म्हणजे खोट पंपातच, असं मी मेलमध्ये लिहूनही टाकलं. त्या मेलची आठवण झाली की अजून कानाच्या पाळ्या तापतात.

शेवटी मलाच तिकडे पाठवलं. तिथे एक वयस्क फिटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक पंपाच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. मग तेच टोक अलीकडे, रिड्यूसरच्या माथ्यावर. तिथे जरा जास्त वेळ. मग हत्यार माझ्या हातात दिलं.

"ऐका साहेब."

मी ऐकलं. पंपावर गडगड, पाइपावर गडगड.

"दोन्हीकडे सारखंच आहे, काका."

"सारखं कसं? तिकडे खडी आहे. इकडे गुळण्या आहेत."

मी परत कान लावला. आणि एकदा शब्द मिळाल्यावर ते खरोखरच वेगळं ऐकू आलं. रिड्यूसरच्या माथ्यात कुणीतरी तोंडात पाणी खळखळवत होतं. हवा होती ती. सपाट अंग खाली गेल्यामुळे वरच्या अंगाला उतार आला होता आणि मोठ्या पाइपाचा माथा पंपाच्या तोंडापेक्षा वर राहिला होता. पाण्यातून सुटलेली हवा तिथे साठायची आणि पुरेशी साठली की भसकन पंपात शिरायची. माझ्या हिशेबात ही हवा कुठेच नव्हती. पाइप पाण्याने भरलेला आहे असं मी धरून चाललो होतो, आणि आपण हे धरलंय याचाही मला पत्ता नव्हता.

रिड्यूसर फिरवला की पाइपाची मध्यरेषाही जागा बदलते, त्यामुळे पाइप खाली घ्यावा लागला, सपोर्ट कापून बुटके करावे लागले. दीड दिवस गेला. काकांनी एकदाही ड्रॉइंगचा विषय काढला नाही. निघताना मीच म्हटलं, "माझ्याकडून लिहायचं राहिलं." ते म्हणाले, "राहतं. पण तुम्ही आलात. बरेच येत नाहीत."

त्या दिवसापासून मी एक वही ठेवतो. उभी रेघ मारून दोन रकाने केलेत. डावीकडे 'वाटलं', उजवीकडे 'निघालं'. काम बाहेर पडताना डावीकडे दोन ओळी लिहायच्या: मला काय वाटतंय, कशाची धास्ती आहे, काय धरून चाललोय. उजवीकडचा रकाना मोकळा ठेवायचा. आता अशा सात वह्या झाल्यात. चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे उजवीकडे किती पांढरं आहे. डॉक्टरकडे पेशंट परत तरी येतो. आमचं यंत्र एकदा गेलं की बिघडलं तरच त्याची खबर लागते, आणि तीही बहुधा दुसऱ्याच खात्याला. बरं चाललं तर कुणीच काही कळवत नाही. मग ते आपल्या अकलेने चाललं की जास्तीचं लोखंड वापरलं म्हणून चाललं, हे कळायचा मार्ग राहत नाही. वीस वर्षांचा अनुभव म्हणून आपण जे सांगतो त्यात उजवा रकाना भरलेला किती, हे प्रत्येकाने एकांतात मोजावं. माझ्या सातही वह्या मिळून तिसरा हिस्साही भरत नाही.

कॉलेजबद्दल तक्रार करायची फॅशन आहे, मी ती करणार नाही. द्रवगतिकी मला तिथेच कळली आणि ती अजून पुरते. फरक एवढाच की तिथल्या गणितात लागणारी सगळी माहिती दिलेली असायची आणि न लागणारी एकही नसायची. नोकरीत टाकीची पातळी एका खात्याने ठरवलेली, पाइपाची वाट दुसऱ्याने, पंप तिसऱ्याने आधीच विकत घेतलेला, आणि तिघांनीही आपल्या परीने थोडं थोडं 'धरून चाललेलं'.

दुसऱ्या चौकोनातली वर्षं माझ्या मते सगळ्यात सुपीक. हातात लाल पेन आणि रोज दुसऱ्यांच्या चुका. स्वतःची एक चूक पदरात पडायला वर्ष लागतं, इथे दिवसाला दहा मिळतात. शिवाय तपासणाऱ्याला बोलावं लागतं. 'हे चूक आहे' एवढ्यावर समोरचा गप्प बसत नाही, का ते विचारतो, आणि त्या 'का'पाशी आपलं पितळ उघडं पडतं.

याच काळात संगणकावरच्या रंगीत चित्रांशी गाठ पडली. एक मुलगा ब्रॅकेटचं स्ट्रेस अ‍ॅनालिसिस, म्हणजे ताण कुठे किती याचं चित्र, घेऊन आला. आतल्या काटकोनी कोपऱ्यात लालभडक ठिपका. हिशेबासाठी संगणक वस्तूचे बारीक तुकडे पाडतो, ती जाळी. जाळी बारीक केली तर आकडा वाढला. आणखी बारीक केली तर आणखी वाढला. तो दोन दिवस जाळी बारीक करत बसला होता, खरा आकडा कधीतरी सापडेल म्हणून. तो सापडणार नव्हता. पूर्ण टोकदार आतल्या कोपऱ्यात गणिताप्रमाणे ताण अमर्याद होतो. जाळी जितकी बारीक तितका आकडा वर. प्रत्यक्षात असा कोपरा नसतोच, तिथे थोडी तरी गोलाई असते. ती मॉडेलमध्ये घातली की आकडा एका जागी येऊन बसतो. मी हे त्याला मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं. त्याच्या आदल्या आठवड्यातच मला ते दुसऱ्या कुणीतरी समजावलं होतं, हे सांगितलं नाही.

दुसऱ्यांच्या चुका वाचायची चटकही तेव्हाच लागली. अमेरिकेतलं केमिकल सेफ्टी बोर्ड १९९८पासून कारखान्यांतल्या स्फोट-गळतींचा तपास करतं आणि अहवाल सगळ्यांना फुकट वाचायला ठेवतं. ब्रिटनमध्ये बांधकामातल्या धोक्यांची माहिती नाव न उघड करता कळवायची सोय २००५पासून आहे. त्यातली 'थोडक्यात वाचलं' या जातीची प्रकरणं मला मोठ्या दुर्घटनांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात. ज्या जागी कुणी मेलं नाही तिथे माणसं खरं बोलतात. ते अहवाल वाचून एखादी पदवी मिळत नाही म्हणून ते कुणी वाचत नाही, एवढंच.

सर्टिफिकेटांबद्दल माझं मत संमिश्र आहे. अमेरिकेत इंजिनिअरच्या परवान्याचा पहिला कायदा १९०७ साली वायोमिंग राज्याने केला, कारण पाणीवाटपाचे नकाशे कुणीही सोम्यागोम्या इंजिनिअर म्हणून सही करून आणून द्यायचा. म्हणजे मूळ कारण सहीच. आज तिथे पदवीच्या सुमारास एक परीक्षा, मग साधारण चार वर्षं कामाचा अनुभव आणि मग दुसरी परीक्षा, तेव्हा कुठे शिक्का मिळतो. शिक्का टिकवायला अनेक राज्यांत दर दोन वर्षांनी ३० तास शिक्षणाचा हिशेब द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये चार्टर्ड, म्हणजे मान्यताप्राप्त इंजिनिअर, व्हायचं तर आपण केलेलं काम त्याच क्षेत्रातल्या माणसांसमोर बसून उलगडून दाखवावं लागतं. ही मुलाखतीची पद्धत मला पटते. तासांचं म्हणाल तर मीही वेबिनार लावून, आवाज बंद करून, दुसऱ्या खिडकीत काम केलेलं आहे. तास भरले. वहीत एक ओळ पडली नाही.

मग तिसरा चौकोन.

बढतीच्या वेळी दोन वाटा समोर ठेवल्या गेल्या. माणसं सांभाळा किंवा तांत्रिक वाटेने विशेषज्ञ व्हा. दोन्ही शिड्या सारख्याच उंच असं कागदावर होतं. प्रत्यक्षात एका शिडीवर पायऱ्या होत्या आणि दुसरीवर फक्त पायऱ्यांची नावं. मी माणसांकडची घेतली. पस्तावलो असं म्हणणार नाही, पण त्यानंतर मी पंपापाशी उभा राहिलो नाही. एकदा चाचणीच्या वेळी जातो म्हटलं तर "इतक्या सीनिअर माणसाने कशाला?" असं उत्तर आलं. हे ऐकायला गोड लागतं, आणि नेमका तिथेच घात होतो. मंजुरी देणारा माणूस वस्तूपासून जितका लांब, तितकं त्याचं वजन जास्त, अशी काहीशी समजूत आमच्या धंद्यात आहे.

ही समजूत किती महाग पडू शकते याची गोष्ट जुनी आहे, पुन्हा १९०७ सालचीच. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्यूबेकचा पूल बांधला जात होता. सल्लागार होते थिओडोर कूपर, त्या काळातल्या पूलबांधणीतलं मोठं नाव. मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १,६०० फुटांवरून १,८०० फुटांवर नेला गेला, पण वाढलेल्या पुलाचं स्वतःचं वजन वेळेवर नव्याने मोजलं गेलं नाही. कूपर प्रकृतीमुळे न्यूयॉर्कमध्ये असायचे. पोलादी सांगाडा उभा राहत असताना ते साइटवर गेले नाहीत. तिथे त्यांचा माणूस म्हणून नॉर्मन मॅक्लूर हा तरुण इंजिनिअर होता. त्याला खालच्या कॉर्डचे, म्हणजे सांगाड्याच्या खालच्या मुख्य पट्ट्यांचे, भाग वाकलेले दिसायला लागले. एका ठिकाणचा पाऊण इंचाचा बाक थोड्या दिवसांत सव्वादोन इंचांवर गेला. ते भाग आधीपासूनच वाकडे असणार, असं म्हणणारेही निघाले. मॅक्लूर स्वतः न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला कूपरनी तार केली, पुलावर आणखी भार चढवू नका. तार गेली पूल बनवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत. पुलावर काम चालूच राहिलं. त्याच संध्याकाळी, सुट्टी व्हायच्या सुमारास, दक्षिणेकडचा भाग कोसळला. पुलावरच्या ८६ माणसांपैकी ७५ गेली.

या गोष्टीत कूपरना खलनायक करणं सोपं आहे. मला तिसऱ्या चौकोनात बसल्यापासून ते जमत नाही. त्यांना सगळं येत होतं. त्यांच्याइतकं पोलाद त्या काळात थोड्यांनाच कळत असेल. फक्त त्यांना पूल दिसत नव्हता. ज्याला दिसत होता त्याच्याकडे मोजपट्टी होती, अधिकार नव्हता. कॅनडात १९२५पासून नव्या इंजिनिअरांना एका समारंभात साधी लोखंडी अंगठी देतात, हल्ली बहुतेक ठिकाणी ती स्टेनलेस स्टीलची असते. ती लिहित्या हाताच्या करंगळीत घालायची, म्हणजे काम करताना कागदाला घासत राहते. ती अंगठी त्याच पुलाच्या लोखंडाची असते असं लोक सांगतात. ते खरं नाही. पण खोटं आहे हे कळूनही लोक सांगत राहतात, आणि का सांगतात हे मला समजतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे एक मुलगी आहे, नोकरीला चार वर्षं झालेली. तिचं एक सक्शन पाइपिंगचं ड्रॉइंग माझ्याकडे मंजुरीला आलं. पाहतो तर एक्सेन्ट्रिक रिड्यूसर, आणि स्पष्ट लिहिलेलं: सपाट अंग खाली. मी हसलोच. लाल पेनने गोल केला, 'सपाट अंग वर' असं लिहिलं आणि परत पाठवलं. गेल्या वीस वर्षांत ही दुरुस्ती मी इतक्या वेळा केली आहे की ती हाताला पाठ झाली आहे.

अर्ध्या तासाने ती केबिनच्या दारात.

"सर, एक विचारू? वर का?"

"हवा साठते. सक्शनला नेहमी वर." आणि मी काकांची सगळी गोष्ट सांगितली, स्क्रूड्रायव्हरसकट. रंगवूनच सांगितली. तिने मन लावून ऐकून घेतली.

"पण सर, ती टाकी खाली होती. आपली वर आहे. पाइप सरळ वरून खाली येतो, एल्बो आणि लगेच रिड्यूसर. हवा सुटली तरी ती आल्या वाटेने वर टाकीत जाईल. आणि सपाट अंग वर ठेवलं तर खाली खळगा राहतो. पंप बंद ठेवला की तिथे गाळ बसणार, पाइप पूर्ण रिकामाही होणार नाही."

मी ड्रॉइंग पुन्हा पाहिलं. एल्बो, पाइपाचा तो वळणाचा तुकडा, तिथेच होता, मी पाहिलेला. पाहिलेला म्हणजे डोळ्यांखालून गेलेला. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि हा अपवाद पाइपिंगच्या चांगल्या पुस्तकांत छापलेलाही आहे. म्हणजे वीस वर्षं मी काकांनी सांगितलेलं 'वर' लक्षात ठेवलं आणि 'हवा' विसरलो. गुळण्या ऐकून जे शिकलो होतो त्याचा पुढे नुसता मंत्र झाला. या काळात मी असे किती बरोबर रिड्यूसर लाल पेनने चुकीचे करून पाठवले असतील, कोण जाणे. त्या सगळ्यांचा उजवा रकाना कोरा आहे.

मी माझी दुरुस्ती खोडली, तिथे बारीक सही केली आणि तिला म्हटलं, "चाचणीला तू जा."

"मी? पण तिकडे साइटची माणसं असतातच की."

"असतात. तरी तू जा. ड्रॉइंग तुझं आहे."

खरं तर आम्ही दोघांनी जायला हवं होतं. मी त्या आठवड्यात बजेटच्या बैठकांत होतो. हे कारण लिहिताना किती फुसकं दिसतंय ते मला दिसतंय.

चाचणीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. पंप तासभर चालू होता, गेज स्थिर, पाणी ठरल्याइतकं. मला बरं वाटलं. तरी राहवेना. म्हटलं, "आवाज कसा आहे?"

"चांगला आहे, सर. थांबा, ऐकवते." आणि तिने फोन बहुधा पंपाजवळ धरला. मी कानात प्राण आणून ऐकत राहिलो. काहीच नाही. नुसती शांतता, मधूनच तिच्या हेल्मेटला काहीतरी घासल्याचा आवाज.

"आलं का ऐकू?"

"नाही. तुझा आवाज येतो, पंपाचा नाही." मग लक्षात आलं. हल्लीचे फोन माणसाचा आवाज ठेवतात आणि मागची एकसुरी घरघर गोंगाट समजून गाळून टाकतात. मला जे ऐकायचं होतं नेमकं तेच कापून तो मला शांतता पाठवत होता.

"तिथे कुणाकडे लांब स्क्रूड्रायव्हर आहे का बघ," मी म्हटलं. "टोक केसिंगला लाव, मूठ कानामागच्या हाडाला. चालू कपलिंगपासून लांब उभी राहा. आधी पंपावर, मग रिड्यूसरवर."

थोडा वेळ कुणाशी तरी बोलणं, कुणाचं तरी हसणं. मग परत शांतता. बरीच लांबली. मी वही उघडून तिच्या ड्रॉइंगचं पान काढून बसलो होतो, पेनचं टोपण काढून.

"सर?"

"बोल."

"दोन्हीकडे सारखंच वाटतंय मला." आणि मग, मी काही बोलायच्या आत, "थांबा सर. परत लावते."